होमरच्या घरातला माग

होमरचे नाव काढले, की डोळ्यांपुढे उभे राहतात ते अकिलीस, हेक्टर, ओडिसियस यांच्यासारखे वीर. पण ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ सावकाश वाचावीत. रणाच्या गदारोळातही घरातल्या मागाचा आवाज कानी येतो.

‘इलियड’च्या सहाव्या सर्गात अँड्रोमॅकी हेक्टरला वेशीपाशी गाठते. दाईच्या कडेवर तान्हे मूल. वडील व सातही भाऊ अकिलीसने मारलेले; आता आधार काय तो नवऱ्याचाच. तरी ती नुसती रडत नाही. रानअंजिरापाशी तट दुबळा आहे, शत्रू तेथे तीनदा चढून आला, सैन्य तेथे ठेवा, असे ती सुचविते. हेक्टर तिला मायेने कुरवाळतो आणि सांगतो, की तू घरी जाऊन माग पाहा. युद्धाचे पुरुष पाहतील.

हेलनही विणतेच आहे. तिच्यापायी पेटलेल्या लढाया ती वस्त्रावर उतरविते. जिच्या माथी युद्धाचे खापर, तीच त्याची बखर विणते!

‘ओडिसी’त टेलिमॅकस आईला जवळजवळ हेक्टरच्याच शब्दांत मागाकडे धाडतो. पेनेलोपी निमूट जाते. पण याच बाईने सासऱ्याच्या प्रेतवस्त्राचे निमित्त करून, दिवसा विणायचे नि रात्री उसवायचे, असे ३ वर्षे मागणी घालणाऱ्यांना झुलविलेले असते. २० वर्षांनी नवरा परततो, तेव्हा पलंगाचे गुपित त्याच्या तोंडून निघेपर्यंत ती त्याला नवरा मानीत नाही. दासींच्या वाट्याला मात्र एवढेही येत नाही. त्यांतल्या १२ जणींना टेलिमॅकस फासावर लटकावतो; त्यांची बाजू कोणी विचारीत नाही.

महाकाव्य हा विषय शिकविताना मी वर्षानुवर्षे हेक्टरच्या शौर्यावरच बोलत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग त्या अंजिरापाशी सैन्य ठेवले का हो?”

मी पुस्तक पुन्हा उघडले. सैन्य ठेवल्याचे होमर कोठेही सांगत नाही. मात्र बाविसाव्या सर्गात अकिलीस पाठीस लागला असता हेक्टर जिवाच्या आकांताने धावतो, तो रानअंजिरावरूनच. अँड्रोमॅकी तेव्हा, त्याने सांगितल्याप्रमाणे, घरी मागावर बसली आहे. त्याच्या स्नानासाठी तिने पाणी तापत ठेवायला सांगितले आहे. एवढ्यात तटावरून आक्रोश ऐकू येतो, आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.