पाण्याच्या माहेरी एक दिवस

मुलगी किंवा मुलगा परदेशात असला, की आपल्यासारख्या आयांचा परदेशप्रवास कसा होतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि नातवंडाची दुपटी कोंबून आपण निघतो; विमानातून उतरतो ते थेट लेकीच्या स्वयंपाकघरात शिरतो; आणि सहा महिन्यांनी तिथूनच उठून परत विमानात बसतो. शेजारीण कौतुकानं विचारते, "काय काय पाहिलंत हो तिकडे?" तेव्हा सांगायला असतात दोन मोठी दुकानं, एक देऊळ आणि खिडकीतून दिसलेला बर्फ!

माझंही अगदी असंच व्हायचं होतं. माझी लेक कॅनडात, कॅलगरीला असते. तिची रजा संपली, म्हणून दीड वर्षाच्या नातवाला सांभाळायला आम्ही दोघं गेलो होतो. तिच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असली की, पश्चिमेला रॉकी पर्वताची पांढरी रांग दिसे. भांडी विसळताना मी ती रोज पाहायची. जुलैत एकदा लेक म्हणाली, "आई, या शनिवारी जॅस्परला जाऊ या." मी सवयीनं बोलून गेले, "तुम्ही जा गं. मी बाळाजवळ थांबते. डबा करून देते हवा तर."

तेव्हा जावईबापू म्हणाले, "आई, डबा कराच, पण तो खायला तुम्हीच जा. बाळाला मी बघतो."

पुरुषमाणूस, दोन दिवस, आणि दीड वर्षाचं पोर! माझा जीव खालीवर होत होता. पण लेकीनं गाडीची किल्ली घेतली, 'हे' माकडटोपी घालून आधीच पुढे जाऊन बसले, आणि शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो.

नळाचं पाणी येतं कुठून?

कॅलगरीहून लेक लुईज सुमारे १८० किलोमीटर. (हे गावाचं नाव हं, माझ्या लेकीचं नव्हे!) खरी गंमत तिथून पुढे सुरू होते. या रस्त्याला 'आइसफील्ड्स पार्कवे' म्हणतात. लेक लुईज ते जॅस्पर हे सुमारे २३० किलोमीटर तो बान्फ आणि जॅस्पर या दोन राष्ट्रीय उद्यानांतून जातो. बान्फ हे कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १८८५ साली गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा राखून ठेवली, तिथून त्याची सुरुवात. जॅस्परचं उद्यान १९०७ सालचं. रस्त्याचं काम १९३१ मध्ये, मंदीच्या दिवसांत, बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलं होतं; आपल्याकडे दुष्काळात रस्त्याची कामं निघत, तसंच. १९४० साली तो खुला झाला. मालट्रकना इथे बंदी आहे, त्यामुळे कर्कश हॉर्न नाहीत की धूर नाही.

पहिला मोठा मुक्काम बो सरोवराचा. त्याच्या थोडं अलीकडे डोंगरावर 'कावळ्याचा पाय' नावाची हिमनदी दिसते. पूर्वी तिला तीन बोटं होती, म्हणून हे नाव. त्यातलं खालचं बोट १९४० च्या दशकात गळून पडलं. आता दोनच उरलीत.

बो सरोवराच्या काठावर सकाळी आठला वारा नव्हता. पाण्यात डोंगर उलटा उभा होता. लेक म्हणाली, "आई, तू रोज भांडी घासतेस ना, ते पाणी इथून येतं." मला थट्टाच वाटली. पण खरंच! वर बो हिमनदी आहे. ती वितळून हे तळं भरतं, तळ्यातून बो नदी निघते आणि थेट कॅलगरीत येते. शहराच्या नळांना बो आणि एल्बो या दोन नद्यांचं पाणी आहे.

नदीचं वर्षभराचं बहुतेक पाणी हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं असतं. हिमनदीचा वाटा त्या मानानं थोडा. पण उन्हाळा सरत आला, वरचा नवा बर्फ संपला, की मग नदीला धार देते ती हिमनदीच. आपण नाही का डाळीच्या डब्यात चार पैसे बाजूला ठेवत? महिनाअखेरीला तेच उपयोगी पडतात. तसंच हे.

दगडाचं पीठ

पुढे रस्ता चढत चढत बो समिटला पोचतो. या रस्त्यावरची ही सर्वांत उंच जागा. उंची दोन हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या आम्ही कळसूबाईच्याही वर गेलो होतो! इथे गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं चढ चढला, की खाली पीटो सरोवर दिसतं.

त्याचा रंग तुम्हांला कसा सांगू? मोरपिशी म्हणावा तर त्यात दूध घातलेलं, फिरोजी म्हणावा तर त्याहून गडद. 'हे' म्हणाले, "काहीतरी मिसळलं असणार." मिसळलेलं असतंच, पण माणसानं नव्हे. हिमनदी डोंगरावरून सरकताना खालचा दगड भरडत जाते. जात्यासारखीच म्हणा ना! वरची पाळ बर्फाची, खालची खडकाची. त्या दगडाचं पीठ इतकं बारीक असतं, की पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहतं. त्यावर ऊन पडलं, की निळा-हिरवा रंग तेवढा आपल्या डोळ्यांकडे परततो. जून-जुलैपासून बर्फ वितळू लागला, की पीठ येऊ लागतं आणि रंग चढतो. हिवाळ्यात जाल तर तळं गोठलेलं, पांढरं दिसेल.

एका बाईची वाट

दुपारी सस्कॅचवान नदीच्या पुलाजवळ थांबून दशम्या, लसणाची चटणी आणि थालीपीठं खाल्ली. तिथे लेकीनं एका बाईची गोष्ट सांगितली, ती तुम्हांलाही सांगितल्यावाचून राहवत नाही.

मेरी शेफर ही अमेरिकेतली, १८६१ साली जन्मलेली. नवरा डॉक्टर, पण नाद वनस्पतिशास्त्राचा; त्याच्याबरोबर ती रॉकीत येई आणि रानफुलांची चित्रं काढी. १९०३ साली तो वारला. हिनं फुलांचं अर्धवट राहिलेलं काम एका वनस्पतितज्ज्ञाच्या मदतीनं १९०७ साली पुस्तकरूपानं पुरं केलं. आणि मग घोड्यावर बसून, मैत्रीण आणि वाटाडे बरोबर घेऊन, आज आपण गाडीतून जातो त्याच खोऱ्यांतून ती उत्तरेला निघाली. तेव्हा इथे रस्ता नव्हता. होत्या त्या इथल्या मूळ रहिवाशांच्या पायवाटा. स्टोनी जमातीच्या सॅमसन बीव्हर नावाच्या माणसानं लहानपणी पाहिलेल्या एका सरोवराचा नकाशा तिला आठवणीतून कागदावर काढून दिला. १९०८ च्या उन्हाळ्यात त्या नकाशावरून ती जॅस्परजवळच्या मलीन सरोवरापाशी पोचली.

तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात आपण म्हणतो, "आता काय, आमचं झालं सगळं!"

माझ्या लग्नाच्या वर्षाचा खांब

पुढे सनवाप्टा खिंड लागते. २,०३५ मीटर उंचीवरच्या या खिंडीशी बान्फ उद्यान संपतं आणि जॅस्पर सुरू होतं. लगेच डाव्या हाताला उतरते ती अथाबास्का हिमनदी. ती येते कोलंबिया आइसफील्ड या अवाढव्य बर्फपठारावरून. त्यावरच्या स्नो डोम नावाच्या शिखराचं नवल असं, की त्याचं पाणी तीन दिशांना जातं: एक वाट पॅसिफिकला, एक आर्क्टिकला आणि एक हडसन उपसागराकडून अटलांटिककडे. एका आईच्या तीन मुली तीन गावी दिलेल्या, तसं!

गाडी लावून आम्ही हिमनदीकडे चालू लागलो. वाटेत ठिकठिकाणी वर्षं लिहिलेल्या खुणा आहेत. त्या त्या वर्षी बर्फाचं टोक तिथे होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर आज रस्ता आहे तिथवर बर्फ होता. गेल्या सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. मी वाचत चालले होते, आणि एका खुणेपाशी पाय थबकले. १९८२.

आमचं लग्न १९८२ चं. मी 'ह्यां'ना हाक मारली. दोघंही त्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. मी बोहल्यावर उभी होते तेव्हा इथे बर्फ होता. मी लेकीला शाळेत पाठवलं, सासूबाईंचं आजारपण काढलं, रोज दोन वेळचा स्वयंपाक केला. आणि तेवढ्या वर्षांत हा बर्फ, कुणाच्या लक्षात येईल न येईल असा, मागे मागे गेला. समोर नुसते दगडगोटे होते. बर्फाचं टोक पार पुढे, वर दिसत होतं.

मैत्रिणींनो, तापमान वाढतंय, हिमनद्या आटताहेत, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचं म्हणून पाळलं, तेही वाचलं असेल. पण आपल्या संसाराइतक्या वर्षांची ती मोकळी जमीन पायांखाली आली, तेव्हा मला ते कळलं. पाण्याचं माहेर लहान होत चाललंय. माझा नातू माझ्या वयाचा होईल, तेव्हा त्याला ही खूण दिसेल; बर्फ दिसेल का?

धबधबे आणि जळलेलं गाव

पुढे दोन धबधबे लागतात, दोन्ही रस्त्यापासून जवळ. सनवाप्टाच्या वर मधोमध झाडांचं इवलंसं बेट आहे. त्याला वळसा घालून पाणी घळीत उडी घेतं. अथाबास्काची उंची अवघी २३ मीटर, पण नदीचं सगळं पाणी चिंचोळ्या फटीत शिरतं. त्या दणदणाटात बोललेलं ऐकू येत नाही. सकाळी ज्या पाण्यात डोंगर शांत उभा होता, तसलंच हे बर्फाचं पाणी, आता खडक कापत होतं!

संध्याकाळी जॅस्परला पोचलो. जुलैत तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. या गावानं २०२४ च्या जुलैत मोठा वणवा सोसला. जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. काळ्या खोडांच्या तळाशी गुलाबी रानफुलं उगवलेली मी पाहिली आणि मेरीबाईंची आठवण झाली.

रात्री घरी फोन लावला. बाळ जेवून झोपलं होतं. माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं!

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

- जून अखेर ते सप्टेंबर हे दिवस उत्तम. जाऊन-येऊन एकाच दिवसात करू नका. जॅस्परला मुक्काम ठेवा आणि जागा बरीच आधी राखून ठेवा.
- लेक लुईजला पेट्रोल भरून घ्या. पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाइल चालत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवा. उद्यानाचा पास लागतो.
- उन्हाळ्यातही हिमनदीजवळ गार वारा असतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ-गरम कपडे एकावर एक घाला. साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी. पायांत बूट हवेतच.
- दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी, चिवडा टिकतात. थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या. पण अन्न उघड्यावर ठेवू नका. वासानं अस्वलं येतात. अस्वल दिसलं तर गाडीतून उतरू नका.
- हिमनदीवर दोरीच्या पलीकडे पाऊल टाकू नका. बर्फाखाली खोल भेगा लपलेल्या असतात. त्यांत माणसं दगावली आहेत.

आणि शेवटची सूचना सगळ्यांत महत्त्वाची. डबा जरूर भरा. पण कुणी "तूही चल" म्हटलं, की "तुम्ही जा, मी थांबते" हे वाक्य गिळून टाका. बर्फ आपल्यासाठी थांबत नाही, बायांनो. मग आपणच का थांबायचं?