डुबकी कोणत्या बेटावर घ्यावी?

धाराशिव जिल्ह्यात तुमच्यापैकी अनेकांनी पोहण्याचे पहिले धडे विहिरीतच गिरवले असतील. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, काठावरून काका ‘मार उडी’ म्हणून ओरडणार, की धपकन पाण्यात! पुढे डबा सुटतो, धीर येतो आणि एखाद्या दिवशी तळाचा दगड वर आणण्याची पैज लागते. पण खाली जाऊ लागले, की दोन-तीन मीटरांवरच कान दुखू लागतात. असे का होते बरे? या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर आजचा आपला दुसरा प्रश्नही सुटेल.

तो दुसरा प्रश्न असा. समजा, तुमच्या घरी बेत ठरला, की यंदा सुट्टीत एखाद्या बेटावर जायचे आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरायचे. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. घरात आई, बाबा, नववीत शिकणारे तुम्ही आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ. बाबा म्हणतात अंदमान, आई म्हणते लक्षद्वीप, शेजारचे काका म्हणतात मालवण. चित्रे तर तिन्ही ठिकाणांची सुंदर! मग निवड कशी करायची? चित्रे पाहून नव्हे, तर पाण्याचे गुणधर्म समजून घेऊन.

पाण्याचे ओझे

आपल्या अंगावर हवेचा दाब सतत असतो. त्याला एक वातावरण दाब म्हणतात. पाण्यात दर १० मीटर खोलीला जवळजवळ तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. तापमान तेच असेल, तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. हा बॉइलचा नियम. तो १६६२ साली प्रसिद्ध झाला. रिकामा तांब्या पालथा धरून १० मीटर खोल नेला, तर त्यातील हवा निम्म्या जागेत मावेल आणि उरलेला तांब्या पाण्याने भरेल.

कानाच्या पडद्यामागे अशीच थोडी हवा असते. बाहेरचा दाब वाढला, की पडदा आत ढकलला जातो आणि कान दुखतो. कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, की त्या नळीतून हवा कानात जाते आणि दाब सारखा होतो. सर्दी झाली असेल, तर ही नळी बंद होते. म्हणून सर्दी असताना पाण्याखाली जायचे नसते.

पट्टीच्या पोहणाऱ्याने विसरायची गोष्ट

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. पाण्याखाली ज्या खोलीवर माणूस असेल, तेथल्या दाबाचीच हवा ही झडप टाकीतून तोंडात सोडते. त्यामुळे छातीवर पाण्याचे ओझे असूनही श्वास सहज घेता येतो.

पण येथेच एक धोका आहे. विहिरीत तुम्ही काठावरची हवा छातीत भरून बुडी मारता. खाली ती आकसते आणि वर आल्यावर पूर्ववत होते. टाकीचे तसे नाही. समजा, १० मीटरवर तुम्ही टाकीतील ४ लिटर हवा छातीत घेतली आणि श्वास रोखून वर आलात. पृष्ठभागावर तिला ८ लिटर जागा लागेल! ती फुप्फुसात कोठून मिळणार? फुप्फुस फाटते. भरलेल्या छातीने दीड-दोन मीटर वर येणेही घातक ठरू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखू नका, आणि वर येताना सावकाश या. विहिरीत ‘दम धरणे’ ही शाबासकीची गोष्ट. येथे तीच जिवावर बेतते. तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानेच अधिक सावध राहायला हवे.

सोड्याची बाटली आणि घाट

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. खोल पाण्यात आपल्या रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन असाच विरघळतो. बाहेर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. त्याला वेळ द्यावा लागतो. तो निघण्यापूर्वीच बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर शरीरात बुडबुडे होऊ शकतात. त्याने सांधे दुखतात, कधी लकवाही होतो.

विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असे सांगतात. पुष्कळ प्रशिक्षक तर पूर्ण २४ तास थांबायला सांगतात.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही तर एस.टी.ने जाणार!’ पण जरा थांबा. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. कोकणातून घरी यायचे, तर घाट चढावाच लागतो. सुमारे ६०० मीटरच्या वर जाणे हे विमानप्रवासासारखेच समजावे, असा या क्षेत्रातला संकेत आहे. सकाळी डुबकी आणि दुपारी घाट, असा बेत म्हणूनच आखू नये. डुबकी सुट्टीच्या आरंभी घ्यावी, शेवटच्या दिवशी नव्हे.

तीन ठिकाणांची तुलना

आता लक्षद्वीप पाहू. तेथले पाणी इतके नितळ का? तेथे नद्याच नाहीत, त्यामुळे गाळ येत नाही. ही बेटे प्रवाळांची, म्हणजे सूक्ष्म शैवालांना अंगात आसरा देणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेली आहेत. शैवालांना सूर्यप्रकाश लागतो, म्हणून प्रवाळ उथळ, स्वच्छ, उबदार पाण्यात वाढतात. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वरवर वाढत राहतात. शेवटी उरते ते प्रवाळांचे कडे. डार्विनने ही उपपत्ती १८४२ साली मांडली. गंमत पाहा, तुमच्या विहिरीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना ज्या उष्ण स्थानावरून तो लाव्हा आला, त्याच्याशीच लक्षद्वीप आणि मालदीवच्या समुद्रतळावरील कण्याचे नाते भूशास्त्रज्ञ जोडतात!

परंतु लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो, जहाज किंवा विमान गाठावे लागते आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. अंदमानात बेटे मोठी, प्रवाळ विपुल. २०१८ साली हॅवलॉकचे नाव बदललेले स्वराज द्वीप डुबक्यांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र तेथे नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात. म्हणून जानेवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा. विमानाने जाऊन विमानानेच परतायचे असल्याने शेवटचा दिवस कोरडा ठेवावा लागतो.

मालवणच्या समुद्रात कर्ली आणि गड या नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे पाणी लक्षद्वीपइतके नितळ नसते. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळा सोडून तेथे जाता येते, खर्चही कमी.

मग निवड काय?

निवड ठरते ती घरातल्या सर्वांत अननुभवी माणसावरून. बहुतेक प्रशिक्षण संस्था १० वर्षांखालील मुलांना समुद्रात टाकी देत नाहीत. म्हणून तुमच्या भावाने काठाजवळच्या उथळ पाण्यात, मोठ्यांचा हात धरून, मुखवट्यातून मासे पाहावेत. बाबांना दमा किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रशिक्षकाला विचारा: एका माणसामागे एक प्रशिक्षक आहे काय? खोली किती? जवळ प्राणवायू आणि दवाखाना आहे काय? पहिल्या डुबकीला १२ मीटरची मर्यादा भरपूर झाली. या प्रश्नांची उत्तरे जो टाळतो, त्याची नाव कितीही स्वस्त असो, तिच्यात बसू नका.

या हिशोबाने पहिल्या वेळी मालवणच बरे. तेथे पाण्याखाली श्वास घेण्याची सवय झाली, की लक्षद्वीप-अंदमान पुढे आहेतच. मात्र कोठेही गेलात, तरी प्रवाळाला हात लावू नका. समुद्र तापला, की प्रवाळ आपली शैवाले गमावून पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली घडले. आपल्या पायाच्या धक्क्याची त्यात भर नको. प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आणि हो, डुबकी झाल्यावर नावेने सिंधुदुर्ग किल्ल्यात जरूर जा. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर तो बांधला. चहूकडे खारे पाणी असूनही त्याच्या आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. समुद्रात गोडे पाणी कोठून आले असेल बरे? पावसाचे पाणी, खडक आणि खाऱ्या-गोड्या पाण्याची घनता लक्षात घेऊन उत्तर शोधा, आणि शाळेत गुरुजींना सांगा.