रात्रभराचे सोंग आणि सकाळचा बसलेला आवाज

खरिपाची कामे उरकली आणि थंडी पडू लागली की नंदुरबार जिल्ह्यातल्या गावागावांत सोंगाड्या पार्टीची चर्चा सुरू होते. जत्रा, लग्न किंवा सण असे काही निमित्त असले की मोकळ्या जागेत मांडव पडतो, कर्णे लागतात, वाद्ये सूर धरतात. रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. गाणी, नाच, नकला, गावातल्या बड्या आसामींची खिल्ली, सासू-सुनेचे भांडण, सावकाराची फजिती अशा गोष्टींवर माणसे थंडीत घोंगडी पांघरून हसत बसतात.

सकाळी तोच नट चहा घ्यायला येतो, बोलायला तोंड उघडतो आणि आवाज फुटत नाही. घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा आवाज ऐकून भोवतालची मंडळी खूश होतात. रात्री खेळ चांगलाच रंगला, याची ती पावती समजली जाते. वैद्यकशास्त्र मात्र या घोगरेपणाकडे वेगळ्या नजरेने पाहते. गळ्यातल्या दोन नाजूक पट्ट्यांना सूज आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही सूज दोन-तीन दिवसांत उतरली तर चिंता नाही. ती उतरण्याआधीच पुढच्या गावचा खेळ आला, तर मात्र तात्पुरत्या सुजेचे कायमच्या दुखण्यात रूपांतर होऊ शकते.

दिवसा शेत, रात्री रंगमंच

नंदुरबार हा बहुसंख्य आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांच्या बोलीतून येथे रोडाली, सोंगाड्या पार्टी यांसारखे लोकनाट्याचे प्रकार जगले. गाणे, संवाद आणि विनोद एकत्र गुंफून गोष्ट सांगायची, ही त्यांची रीत. युरोपात अशाच हसऱ्या संगीत नाटकाला कॉमिक ऑपेरा म्हणतात. मराठी रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे त्याच जातीचे. त्याची गोष्ट तर मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनावरून इंग्रजीमार्गे मराठीत आलेली आहे.

शहरातला व्यावसायिक गायक आवाजाची तालीम घेतो, प्रयोगानंतर विश्रांती घेतो. सोंगाड्या पार्टीतले बहुतेक कलावंत हौशी. दिवसा शेतात किंवा मजुरीवर राबणारे आणि रात्री उभे राहणारे. अनेकांना हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जावे लागते. त्यामुळे जेव्हा खेळ मिळतात तेव्हा ते सलग मिळतात, आणि विश्रांतीचे दिवस उरत नाहीत. गळ्याचे दुखणे नेमके येथे सुरू होते.

गळ्यात नेमके काय घडते

मानेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या आत स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असले तरी ते तारेसारखे नसून ओठांसारख्या दोन घड्या असतात. पुरुषांमध्ये त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, स्त्रियांमध्ये त्याहून कमी. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरू लागतात. या थरथरीतून आवाज तयार होतो. घसा, तोंड, जीभ आणि ओठ त्याला शब्दांचा आकार देतात.

स्वरतंतूंची रचना थरांची असते. आत स्नायू, बाहेर पातळ त्वचा आणि या दोहोंच्या मध्ये जेलीसारखा मऊ थर. बाहेरचा थर आतल्या स्नायूवर लाटेसारखा सरकतो, म्हणून आवाज गोड आणि स्वच्छ येतो. जपानचे डॉक्टर मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात ही थरांची रचना उलगडून दाखवली. मधल्या थरात पाणी साचले, सूज आली की लाट अडते. आवाज घोगरा होतो, उंच सूर लागेनासा होतो.

जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात, हे पाहण्याचा मार्ग दाखवला तो एका गायकाने. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातला. त्याच्या वडिलांनी रोसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ या विनोदी ऑपेराच्या १८१६ च्या पहिल्या प्रयोगात काम केले होते. मुलाने १८२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याच ऑपेरात न्हाव्याची भूमिका केली, तेव्हा तो विशीत होता. पुढे आवाज साथ देईना, म्हणून त्याने रंगमंच सोडला आणि गाणे शिकवू लागला. १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून आणि सूर्यप्रकाश त्यावर पाडून त्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. कान-नाक-घसा तज्ज्ञांची स्वरयंत्र तपासण्याची पद्धत तेथूनच वाढली. आज आरशाची जागा बारीक दुर्बिणीने घेतली आहे.

आकडे सांगतात ताण

साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांवर आपटतात. स्त्रीचे सुमारे २००. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा गाताना हा आकडा ४४० वर जातो. समजा, रात्रभराच्या खेळात एका नटाने प्रत्यक्षात दोन तास आवाज लावला. सेकंदाला १२० या हिशेबाने त्याचे स्वरतंतू ८ लाख ६४ हजार वेळा एकमेकांना भिडतात. तोच नट स्त्रीभूमिका करत असेल आणि त्याने आवाज २२० पर्यंत चढवला, तर ही संख्या पावणेसोळा लाखांच्या पुढे जाते. शिवाय जितक्या जोराने ओरडावे तितकी प्रत्येक धडक जास्त जोराची.

विनोदी भूमिकेत तर आवाजाशी खेळणे हाच जीव असतो. म्हाताऱ्याचा कापरा आवाज, भुताची किंकाळी, दारुड्याचा घोगरेपणा, नवरीचा बारीक सूर. एकाच रात्री एकच गळा हे सगळे करतो. यातला घसा आवळून, खरवडून काढलेला आवाज सर्वांत महागात पडतो.

त्यात भर पडते गोंगाटाची. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रान्सचे घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले आणि त्यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. ढोल आणि बँड मागे, कर्णे प्रेक्षकांकडे तोंड केलेले, अशा वेळी नटाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. हातात माईक असूनही तो ओरडतो.

सूज, गाठ आणि रक्तस्राव

असा ताण वारंवार पडला की स्वरतंतूंच्या पुढच्या आणि मधल्या भागाच्या सांध्यावर, जेथे धडक सर्वांत जोराची असते तेथे, दोन्ही बाजूंना घट्ट्यासारख्या छोट्या गाठी येतात. नांगर किंवा कोयता धरून तळहाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. या गाठी कर्करोगाच्या नसतात. आवाजाची विश्रांती आणि वाचा-उपचार तज्ज्ञाने शिकवलेले व्यायाम यांनी त्या बहुधा कमी होतात. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते.

दुसरा प्रकार अचानक घडतो. एखादी जोराची आरोळी ठोकताना स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आवाज क्षणात जातो. अशा वेळी त्या नटाने खेळ तेथेच थांबवावा, पूर्ण मौन धरावे आणि लवकरात लवकर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. रेटून गायल्यास व्रण राहतो, आणि व्रण पडलेल्या स्वरतंतूवर पूर्वीची लाट परत येणे कठीण असते.

घसा बसल्यावर कुजबुजत बोलावे, असा समज आहे. अनेकांमध्ये कुजबुजतानाही स्वरयंत्रावर ताण येतो. त्यापेक्षा हळू, साध्या सुरात मोजके बोलावे किंवा गप्प राहावे. सतत खाकरणेही टाळावे. प्रत्येक खाकरणे म्हणजे सुजलेल्या स्वरतंतूंवर आणखी एक आपट. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे.

पाण्याचा प्रश्न गळ्यापुरता नाही

प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही. ते अन्ननलिकेत जाते. शरीरात शोषले गेल्यावरच स्वरतंतूंचा ओलावा टिकतो. म्हणून प्रयोगाच्या आधी तांब्याभर पाणी ढोसून उपयोग नाही. दिवसभर थोडे थोडे पीत राहावे लागते. थंडीतली कोरडी हवा, शेकोटीचा धूर आणि नाचताना उडणारी धूळ घसा सुकवतात. बिडी त्यात जळजळ वाढवते. दारूने अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण शरीरातले पाणी कमी होते आणि आपण किती ओरडतो आहोत याचे भान सुटते.

नंदुरबारच्या कलावंतांसाठी याला आणखी एक बाजू आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांध्यांत असह्य वेदना सुरू होतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, अति श्रम, जागरण आणि दारू या गोष्टी अशा वेदनेला निमंत्रण देतात. रात्रभराच्या खेळात त्या सगळ्या एकत्र येतात. त्यामुळे प्रत्येक कलावंताने आपली रक्ततपासणी करून घेतलेली बरी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची ही तपासणी केली जाते. वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही. आजार असलेल्यांनी रंगमंच सोडलाच पाहिजे असे नाही. पण भूमिका किती वेळाची, पाणी, उबदार कपडे आणि औषधे यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

खेळ रंगावा आणि गळाही टिकावा

यासाठी खर्चिक काही लागत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे तोंड मिटून हलके गुणगुणावे, ओठ फुरफुरवत सूर वर-खाली न्यावा. सरबताच्या नळीतून सूर काढणे हाही चांगला व्यायाम आहे. नळीमुळे तोंडात हवेचा दाब राहतो आणि स्वरतंतू कमी जोराने आपटतात. खेळ संपल्यावरही पाच मिनिटे असेच हलके गुणगुणावे.

माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. एक छोटा कर्णा नटांकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ओरडण्याची गरज उरत नाही. किंकाळीचे काम वाद्याकडे सोपवता येते. गाणी पार्टीतल्या सर्वांत उंच गळ्याच्या माणसाच्या पट्टीत न बांधता ज्याने गायची त्याच्या पट्टीत बांधावीत. स्त्रीभूमिकेत केवळ आवाज बारीक करण्यापेक्षा बोलण्याची लय, लकब आणि हातवारे यांवर भर दिला तर प्रेक्षक तितकेच हसतात. लागोपाठ खेळ असतील तर मुख्य भूमिका दोघांनी आलटून-पालटून करावी.

पहाटे तिखट जेवण करून लगेच आडवे होण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे पोटातले आम्ल वर येऊन स्वरयंत्राला पोळते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. आवाज बसला असताना ‘आजचा खेळ निभावून न्या’ म्हणून इंजेक्शन घेणे धोक्याचे. सूज तात्पुरती झाकली जाते आणि गळा आणखी राबवला जातो. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे गाण्याआधी त्या मनाने घेऊ नयेत. ज्यांना त्या डॉक्टरांनी रोजच्या दिल्या आहेत त्यांनी मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

आणि एक मुदत प्रत्येकाने लक्षात ठेवावी: तीन आठवडे. त्यानंतरही आवाज घोगरा असेल, तर दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. बिडी, तंबाखू आणि दारूची सवय असलेल्यांनी तर एक दिवसही पुढे ढकलू नये, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण अनेकदा फक्त बसलेला आवाज असते. लवकर सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. सोबत खोकला, ताप आणि वजन घटणे असेल तर क्षयरोगाचीही तपासणी करावी लागते. गिळताना त्रास, थुंकीतून रक्त, मानेला गाठ किंवा श्वास घ्यायला अडचण यांपैकी काहीही दिसले तर तीन आठवडेही थांबू नये.

नटाचा आवाज तीन आठवडे बसलेला असतो तेव्हा ‘रात्री-अपरात्री गातो, म्हणून असेल’ असे सगळे म्हणतात, आणि त्यातच वेळ जातो. गावोगावच्या पार्ट्यांत वाद्ये, कपडे, गाडी यांचा हिशेब ठेवणारा एक म्होरक्या असतोच. कोणाचा आवाज कधीपासून बसला आहे, एवढी एक नोंद त्याने आपल्या वहीत वाढवली, तरी हंगामात एखाद्या कलावंताचा गळा वाचू शकेल, आणि कदाचित जीवही.