पोट भरलेला बैल का वाळतो?

उन्हाळ्यात नांदेड-लातूर भागातील गोठ्यांत एक विसंगती दिसते. बैलापुढे ज्वारीचा कडबा असतो, पोटही भरलेले दिसते, पण बरगड्या वर येत असतात. खाऊनही जनावर वाळते ते का? शरीरातील ऊर्जेचा जमाखर्च मांडला की उत्तर सापडते.

आधी खर्च पाहू. सुमारे ४०० किलो वजनाचा देवणी किंवा लाल कंधारी बैल दावणीला नुसता बसून राहिला, तरी त्याचे हृदय, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांचे काम चालूच असते. एवढ्यासाठीच त्याला दिवसाला सहा हजारांहून अधिक किलोकॅलरी लागतात; माणसाला साधारण दीड हजार पुरतात. औत ओढताना स्नायूंचा खर्च यात मिळवावा लागतो. स्नायू वापरतात त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा ओढण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला पाणी हवे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पाणी अपुरे पडले की जनावर चाराही कमी खाते. म्हणूनच, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या एप्रिल २०१६ सारख्या उन्हाळ्यात जनावरावर दुहेरी ताण पडतो.

आता जमा बाजू. कडब्यात ऊर्जा कमी नाही. त्यातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंचीच लांब साखळी. पण ती तोडणारे विकर बैलाचे शरीर तयार करत नाही. ते काम कोटीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव करतात. ऑक्सिजनविना चालणाऱ्या या किण्वनातून अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक आम्ले तयार होऊन कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. बैलाची सुमारे ७० टक्के ऊर्जा या आम्लांतून येते. त्यांतले अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलेच! खाद्यातील काही ऊर्जा शेणातून आणि ढेकरांतील मिथेनमधून वाया जाते.

खरी मेख पुढेच आहे. सूक्ष्मजीवांना वाढीसाठी नायट्रोजन लागतो. त्यासाठी चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने असावीत. वाळल्या कडब्यात ती ३ ते ४ टक्केच असतात. सूक्ष्मजीव उपाशी राहिले की किण्वन मंदावते, न पचलेला चोथा कोटीपोटात पडून राहतो आणि नव्या चाऱ्याला जागा उरत नाही. पोट भरलेले, पण जमा घटलेली! मग शरीर साठवलेली चरबी जाळते. एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी देणारी ही शिल्लक संपत आली की स्नायूही झिजू लागतात. नेमके पेरणीच्या वेळी जनावर थकते.

उपाय यातूनच सुचतो. कडब्यासोबत थोडी सरकी पेंड किंवा लसूणघास दिला, तर तो मुख्यतः सूक्ष्मजीवांचा खुराक ठरतो आणि त्याच कडब्यातून अधिक ऊर्जा मिळते. १०० किलो वाळल्या चाऱ्यावर, ५०-६० लिटर पाण्यात विरघळवलेला ४ किलो युरिया शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवण्याची पद्धतही आहे. मात्र नुसता युरिया पोटात गेल्यास जनावर दगावते, तेव्हा हे पशुवैद्यकांना विचारूनच करावे.

वर्गात फळ्यावर जमा, गळती, खर्च आणि शिल्लक असे चार रकाने आखावेत व आपल्या घरच्या जनावराची माहिती विद्यार्थ्यांना भरू द्यावी. पचनाचा धडा आपोआप गोठ्यापर्यंत पोहोचेल.