खिडकीतून दिसणारं लांबचं झाड

बहिर्वक्र भिंगाचा शाळेतला एक सोपा प्रयोग आहे. भिंग खिडकीकडे धरायचं, मागे पांढरा कागद पुढे-मागे सरकवायचा. लांबचं झाड कागदावर उलटं, रेखीव उमटलं की भिंग आणि कागद यांतलं अंतर मोजायचं. तेच नाभीय अंतर. पण वर्गाची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत असेल, तर हा प्रयोग होतच नाही. बाई तो फळ्यावर काढतात, मुलं वहीत उतरवतात.

अशा दाटीचं एक उदाहरण म्हणजे सुरतेच्या पूर्वेला, बारडोलीच्या रस्त्यावरचं पर्वत पाटिया. गुजरातीत पाटिया म्हणजे गावाकडे वळायचा फाटा. ते पर्वत गाव आता शहरातच विरलंय. कापड मार्केटं जवळ, लगतच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली असंख्य मराठी घरं. इथली मुलं गुजरात बोर्डाची दहावी मराठीतून देऊ शकतात. वस्ती दाट, जागा तोकडी, म्हणून एकाच इमारतीत दोन पाळ्या भरवायचा मार्ग अशा शहरात हमखास निघतो. सकाळच्या मुलांनी अर्धवट सोडलेलं मॉडेल दुपारच्या मुलांसाठी उचलावंच लागतं.

जागेच्या याच अडचणीतून अमेरिकेतल्या गॅरी शहरानं वेगळी वाट काढली होती. १९०६ साली पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं हे गाव, कामगार बहुतेक परदेशांतून आलेले. शिक्षणप्रमुख विल्यम वर्ट यांनी शाळेचे दोन गट केले. एक गट वर्गात भाषा-गणित शिकायचा, तेव्हा दुसरा प्रयोगशाळा, कार्यशाळा, व्यायामशाळा, सभागृहात, मग अदलाबदल. १९०९ची इमर्सन शाळा याच पद्धतीसाठी उभी राहिली. कोणतीही खोली रिकामी नाही आणि मूल दिवसभर एकाच बाकावर नाही.

ही पद्धत न्यूयॉर्कला नेली, तेव्हा १९१७मध्ये पालक रस्त्यावर उतरले. आमच्या मुलांना कारखान्याचे मजूर बनवताय, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो खरा वाटतो. मार्केटात दिवसभर साड्यांच्या घड्या घालणारी आई मुलाला शाळेत घालते ती या कामातून त्याची सुटका व्हावी म्हणून. त्याच्या शाळेत नुसती शिलाईयंत्रं मांडली, तर ती दुखावली जाणारच.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे या शंकेला उत्तर सापडतं. तिथून शाळांत गेलेल्या तंत्रज्ञानाच्या विषयात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: जोडकाम, वीज, शेती, अन्न-आरोग्य. हे काम धंद्याची तालीम म्हणून नसतं, विज्ञान-गणित समजावं म्हणून असतं. पर्वत पाटियाला याच न्यायानं कापडाचा तुकडा भिंगाखाली ठेवता येईल, एका सेंटिमीटरातले धागे मोजता येतील. गुणोत्तरही तिथेच, प्रकाशाचं प्रकरणही तिथेच.

म्हणून माझा आग्रह आहे की इथे शाळा बांधताना इमारतीच्या नकाशाआधी वेळापत्रक मांडावं. जड यंत्रांची कार्यशाळा तळमजल्यावरच शोभते, पण पावसाळ्यात या भागात खाडीचं पाणी शिरतं. जोतं उंच हवं, विजेची बटणं त्याहून उंच. ग्रंथालय वर. २४ मे २०१९ रोजी सुरतेतल्याच सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीतल्या आगीत २२ कोवळे जीव गेले. त्या शहरात दुसऱ्या जिन्यावर तडजोड नकोच. प्रत्येक पाळीला कुलपाचं वेगळं कपाट. आणि विज्ञानाची खोली सगळ्यात वर, जिथल्या खिडकीतून लांबचं एखादं झाड, निदान पाण्याची टाकी तरी, दिसेल.