सभाध्यक्षाचें आसन आणि हिशेबाची वही

ब्रिटिश पार्लमेंटांतील हाऊस ऑफ कॉमन्स या सभागृहाच्या अध्यक्षास स्पीकर म्हणतात. नव्या स्पीकरची निवड झाली म्हणजे सभासद त्याला हातास धरून आसनाकडे ओढीत नेतात व तो जाण्यास नाखुशी दाखवितो, अशी तेथें रूढी आहे. ही रूढी गमतीची वाटते. तिचें मूळ मात्र गमतीचें नाहीं. सभागृहाचें म्हणणें राजाच्या कानीं घालणें हें पूर्वीं स्पीकरचें काम असे, आणि राजाची इतराजी होऊन कांहीं स्पीकरांना प्राणासही मुकावें लागलें. सन १६४२ मध्यें पहिला चार्लस राजा पांच सभासदांस पकडण्यासाठीं स्वतः सभागृहांत शिरला, तेव्हां स्पीकर लेन्थॉल यानें त्यांचा ठावठिकाणा सांगण्याचें विनयपूर्वक नाकारलें. बाहेरच्या सत्तेपासून सभागृहाचें रक्षण करणें हा स्पीकरचा धर्म होय, ही समजूत अशा प्रसंगांनीं दृढ झाली. परंतु हीच समजूत अस्थानीं लागू केली असतां काय होतें, हें मायकेल मार्टिन यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

मार्टिन यांचा जन्म सन १९४५ मध्यें ग्लासगो शहरीं एका गरीब घरांत झाला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून ते कारखान्यांत पत्र्याचें काम करूं लागले. मजूरसंघांत काम करतां करतां ते पुढें आले. सन १९७३ मध्यें नगरसभेंत व १९७९ मध्यें मजूर पक्षातर्फे पार्लमेंटांत निवडून गेले. ता. २३ ऑक्टोबर २००० रोजीं ते स्पीकर झाले. धर्मसुधारणेच्या काळानंतर या पदावर बसलेले ते पहिलेच रोमन कॅथॉलिक गृहस्थ होत. कारखान्यांतील उमेदवारापासून या आसनापर्यंतचा हा प्रवास कोणासही भूषणावह वाटेल असाच आहे.

आतां वादाचें कारण पाहूं. लंडनबाहेरच्या सभासदास आपल्या मतदारसंघांत व राजधानींत अशा दोन ठिकाणीं बिऱ्हाड ठेवावें लागतें. त्यासाठीं त्यास सरकारी तिजोरींतून भत्ता मिळे. सन २००८-०९ मध्यें त्याची मर्यादा वर्षास सुमारें २४,००० पौंड होती. भत्त्याचा हेतु रास्त होता; नियम मात्र ढिले होते. कित्येक वर्षें २५० पौंडांच्या आंतील खर्चास पावतीचीही जरूर नसे. शिवाय देणारे, घेणारे आणि तपासणारे हे सर्व एकाच सभागृहाचे!

माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा सन २००० मध्यें होऊन २००५ पासून अंमलांत आला. त्याच्या आधारें पत्रकारांनीं सभासदांच्या खर्चाचा तपशील मागितला. स्पीकरच्या अध्यक्षतेखालीं चालणाऱ्या सभागृहाच्या व्यवस्थापनानें तो देण्याचें नाकारलें आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. मे २००८ मध्यें हायकोर्टाचा निकाल सभागृहाच्या विरुद्ध लागला. त्याच वर्षीं मार्टिन यांच्या पत्नीच्या टॅक्सीभाड्यापोटीं ४,००० हून अधिक पौंड सरकारी खर्चीं पडल्याचें प्रसिद्ध झालें व टीका वाढली.

निकालानंतरही दिरंगाई चालूच होती. अखेर बाहेर फुटलेलीं कागदपत्रें डेली टेलिग्राफ या वर्तमानपत्राच्या हातीं लागून ता. ८ मे २००९ पासून तीं छापूं लागलीं. एकाच्या कागदांत घराभोंवतालचा खंदक साफ करण्याच्या खर्चाची नोंद होती. दुसऱ्यानें बदकांच्या घरकुलासाठीं पैसे मागितले होते, ते मात्र मंजूर झाले नव्हते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, घरावरील कर्ज फिटून गेल्यावरही त्याचें व्याज घेणारे सभासद निघाले. लोक संतापले. अशा वेळीं मार्टिन यांनीं कागद कोणीं फोडले याच्या चौकशीवरच भर दिला व त्याला हरकत घेणाऱ्या सभासदांस भर सभेंत फटकारलें. १८ मे रोजीं त्यांनीं जनतेची माफी मागितली, पण वेळ टळून गेली होती. दुसऱ्याच दिवशीं अवघ्या अर्ध्या मिनिटाच्या निवेदनांत त्यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें. सन १६९५ मध्यें लांच घेतल्याबद्दल जॉन ट्रेव्हर यास काढण्यांत आलें, त्यानंतर अशी पाळी दुसऱ्या कोणत्याही स्पीकरवर आली नव्हती.

येथें न्यायबुद्धि सोडूं नये. ट्रेव्हरनें लांच घेतली होती. मार्टिन यांस कोणत्याही न्यायालयानें दोषी ठरविलें नाहीं. ढिले नियम त्यांच्या आधीपासूनचे होते व त्यांचा लाभ सर्व पक्षांनीं घेतला होता. अनेकांच्या दोषाचें ओझें एकाच्या माथीं आलें, असें म्हणणाऱ्यांच्या बोलण्यांत तथ्य आहे. तरीही त्यांची चूक लहान नव्हती. लेन्थॉलच्या दारीं आलेला राजा सभागृहाचे हक्क हिरावूं पाहत होता. मार्टिन यांच्या दारीं आलेली जनता हीच त्या सभागृहाची धनीण होती. परक्यापासून तिजोरी राखणें हें कारभाऱ्याचें इमान. पण मालकालाच वही दाखविण्याचें नाकारणें याला इमान म्हणतां येत नाहीं.

त्याच वर्षीं कायदा होऊन सभासदांचे खर्च तपासण्याचें काम एका स्वतंत्र मंडळाकडे गेलें. जुन्या हिशेबांची फेरतपासणी होऊन सुमारें ११ लक्ष पौंड परत करण्याचे हुकूम सुटले आणि कांहीं सभासदांस तुरुंगवासही घडला. मार्टिन हाऊस ऑफ लॉर्ड्समध्यें गेले व सन २०१८ मध्यें निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं एखाद्याच्या हातीं आज सहलीची वर्गणी असेल, उद्यां एखाद्या संस्थेची पेटी येईल. हिशेब चोख असून भागत नाहीं. तो कोणीं मागण्यापूर्वींच मांडावा. झांकलेल्या वहींत एकही पै कमी नसली, तरी तिच्यांतून विश्वास मात्र कमी होत जातो.