भाला आणि विवेक

जाळ्याला मासा निवडता येत नाही. बुडी मारून भाला रोखणारा शिकारी मात्र पाहून निवडतो. म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील निळा ग्रोपर घ्या. हा मासा प्रथम मादी असतो. पुढे त्यांतील थोडेच नर होतात. हे थोराड, निळे नर माणसाला न बुजता जवळ येतात. सर्वांत मोठा मासा टिपण्याची हौस नेमकी त्यांच्याच मुळावर आली. अखेर १९६९ साली तेथे त्याच्या शिकारीवर बंदी आली. भाल्याच्या शिकारीवर ती पुढेही कायम राहिली. पण कायद्याचा पहारा काठावर. पाण्याखाली साक्षीला कोण असणार? तेथे हात आवरणे, हाच शिकाऱ्याचा खरा नेम.